अम्मिया आणि रिकामी देवी

पाम्मेनेसच्या घरात मी एकतीस वर्षं चूल सांभाळली. त्यातली निदान वीस वर्षं माझं आणि अम्मियाचं कोळशावरून भांडण चाललं होतं. कोळसेवाला पोतं ओतून गेला की ही गुडघ्यांवर हात देत खाली बसायची आणि चांगले, वजनदार, ठणठण वाजणारे कोळसे वेचून आपल्या टोपलीत टाकायची. मला उरायचा तो चुरा.

"अगं, पंधरा माणसं जेवतात या घरात," मी म्हणायचे.

"तुझ्या मसुराला धूर लागला तर चार शिव्या खाशील, विषय संपला. माझ्या देवांना धूर लागला तर वर्षभर काळं तोंड घेऊन बसतील बिचारे. सांग, कुणाकडे बघू?"

मग उठताना "आई गं" म्हणायची, आणि टोपली कमरेवर घेऊन निघायची. मी मागून बडबडत राहायचे. तिला ऐकू यायचं सगळं, पण उत्तर द्यायला ती थांबायची नाही. उत्तर द्यायलाही ताकद लागते, असं ती एकदा म्हणाली होती.

अम्मिया मूर्तींना मेण लावायची. आमच्या अफ्रोडिसियास गावात संगमरवराला तोटा नाही, डोंगर खणला की पांढराच, पण दगड नुसता उभा केला की झालं असं नसतं. ऊन, धूळ, दिव्याची काजळी, हात लावून लावून बसलेलं तेल, या सगळ्याने वर चढवलेला रंग उडतो आणि कातडी खरखरीत होते. ही त्याला कातडीच म्हणायची. आधी कोमट पाण्याने धुवायचं, एक दिवस वाळू द्यायचं. मग पांढरं मेण थोड्या तेलात वितळवून ब्रशने लावायचं. त्यानंतर लोखंडी पळीत निखारे घेऊन ती पळी अंगाजवळून हळूहळू फिरवायची, म्हणजे मेणाला घाम फुटतो आणि ते दगडात मुरतं. शेवटी मऊ कापडाने घासायचं. पळी जरा जवळ गेली तर रंग वितळतो, जरा लांब राहिली तर मेण वर पांढरं साचतं. हे अंतर तिच्या हातात होतं. तिच्या बोटांची टोकं इतकी भाजून निघाली होती की सुई टोचली तरी कळायची नाही.

तिची आईही हेच करायची, गावातल्या मोठ्या देवळात. अम्मिया नऊ वर्षांची असताना त्या देवळाची दारं ख्रिस्ती सम्राटाच्या हुकमाने बंद झाली. पाम्मेनेसच्या वडिलांनी तेव्हा माय-लेकींना आपल्या घरी ठेवून घेतलं. आई गेल्यावर ब्रश अम्मियाकडे आले. तिचा नवरा खाणीत काम करायचा. तो दोन शिळांच्या मध्ये सापडून गेला, तेव्हा मुलगी तातिया सहा वर्षांची होती. पुढे तातियाने किरियाकोस नावाच्या गवंड्याशी लग्न केलं. तो ख्रिस्ताच्या माणसांपैकी. अम्मियाने त्यावर एवढंच विचारलं, "मारतो का?" तातिया नाही म्हणाली. "मग झालं," म्हणून ती परत कामाला लागली.

घरात सहा मूर्ती होत्या. त्यातली अंगणाच्या ओवरीत बसलेली देवमाता सगळ्यात जुनी. तिच्या मांडीवर सिंहाचं पिल्लू होतं आणि त्याचा एक कान कधीचाच गेलेला. दर महिन्याला एकीची किंवा एकाची पाळी, असं अम्मियाचं चक्र चालायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अडतीस वर्षं.

आमचे मालक पाम्मेनेस म्हणजे तत्त्वज्ञ. लांबलांबची मुलं त्यांच्याकडे शिकायला यायची, माझ्या हातची जवाची भाकरी खायची आणि अंगणात बसून दुपारभर वाद घालायची. मालक चांगले होते. जेवताना काय खातोय याकडे त्यांचं लक्ष नसायचं, पण नोकरांशी बोलताना तोंडाकडे बघून बोलायचे.

एकदा अम्मिया देवमातेचे पाय पुसत होती आणि मालक मुलांना शिकवत होते. मध्येच थांबून ते तिला म्हणाले, "अम्मिया, हा दगड म्हणजे देव नव्हे बरं का."

"मग पुसायचं कशाला, मालक?"

मुलं हसली. मालक हसले नाहीत. "ऊन जिकडे जातं तिकडे तोंड फिरवणारं ते रानफूल असतं ना? त्याला कुणी शिकवलं? त्याच्यात सूर्याचं काहीतरी आहे म्हणून ते वळतं. तसं प्रत्येक देवाचं काही ना काही या जगात सांडलेलं असतं. एखादी मुळी, एखादा खडा, एखादा वास. ते ओळखायचं, गोळा करायचं, मूर्तीच्या पोटात ठेवायचं, त्या देवाची नावं घ्यायची. त्याने देव कुठून तरी चालत येतो असं नाही. तो असतोच. आपण फक्त जागा त्याच्याजोगी करतो."

अम्मियाने कापड पिळलं. "म्हणजे झाडलोट."

"झाडलोटच," मालक म्हणाले, आणि पुढे कितीतरी दिवस नव्या मुलांना ही गोष्ट सांगत राहिले.

देवमातेची प्राणप्रतिष्ठा त्यांनी स्वतः केली होती, तरुणपणी. मूर्तीच्या पाठीला, सिंहासनाच्या खाली, मुठीएवढी खोबण होती. तिच्यात त्यांनी पाइनचा डिंक, सुकी पानं, मुळ्या, एक काळा खडा आणि नावं लिहिलेली कातड्याची पट्टी ठेवली. वर दगडाचं झाकण बसवून मेणाने बंद केलं. तेव्हा अम्मिया शेगडी धरून बाजूला उभी होती.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी वसंतात बिशपची माणसं घरोघर जाऊन मूर्ती शोधायला लागली. खालच्या गल्लीतल्या दोन घरांतून त्यांनी देव बाहेर ओढले आणि रस्त्यावर त्यांची तोंडं छाटली. आमच्या घराचं नाव यादीत आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुलं एकेक करून आपापल्या गावी निघून गेली. मालक तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. त्यांनी ठरवलं की पूर्वेला डोंगरात एका मित्राचं शेत आहे, तिकडे जायचं. वेशीवर गाड्या तपासत होते, त्यामुळे मूर्ती नेता येणार नव्हत्या. स्वयंपाकघरामागे एक कोरडा आड होता, अरुंद. त्यात चार मावल्या असत्या, फार तर.

"बाकीच्या दोन जागेवरच राहू द्या," मालक म्हणाले. "येणाऱ्यांना काहीतरी सापडलं पाहिजे. काहीच सापडलं नाही तर ते जमीन खणतील."

कुठल्या चार आणि कुठल्या दोन, हे ठरवायला त्यांनी नेमेसिओनला बोलावलं. हा नेमेसिओन अलेक्झांड्रियाचा, बारीक चणीचा, पन्नाशीचा माणूस. कुठली मूर्ती जिवंत आहे आणि कुठली नुसता दगड, हे त्याला समोर उभं राहून कळायचं म्हणे. तो आला, माझ्या हातचे गार हरभरे उभ्याउभ्याच खाल्ले, हात धुतले आणि कामाला लागला. हात कशाला लावला नाही त्याने. एकेका मूर्तीसमोर डोळे मिटून उभा राहायचा. वैद्यदेवासमोर त्याचा चेहरा पांढरा पडला आणि कपाळाची शीर उडायला लागली. खोटं नव्हतं ते, मी जवळून बघितलं. आणखी तिघांसमोर तसंच झालं. प्रत्येक वेळी त्याला ओट्यावर बसवून पाणी द्यावं लागलं.

बागेतल्या बासरीवाल्यासमोर काहीच झालं नाही. मग तो देवमातेसमोर आला. बराच वेळ उभा राहिला. अम्मिया खांबाजवळ कापड घेऊन उभी होती.

"इथे कुणी नाही," तो म्हणाला.

"कुणी नाही म्हणजे?" अम्मिया बोलली. पाहुण्यांसमोर तिने तोंड उघडल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

नेमेसिओन तिच्याकडे वळला. रागावला नाही. "रिकामी आहे बाई. कधी काळी असेल कुणी. आता नाही."

"नीट बघा की जरा. आत्ताच त्या चौघांनी दमवलंय तुम्हाला."

"दमलो आहे खरा," तो म्हणाला. "हे अकरावं घर. घराघरात जाऊन मेलेलं कोण आणि जिवंत कोण ते सांगत फिरायचं. मलाही आता वीट आलाय. पण इथे कुणी नाही."

 मालकांनी नुसती मान हलवली आणि त्याला आत घेऊन गेले.

मला वाटलं अम्मिया चिडेल. ती स्वयंपाकघरात आली, बाकावर बसली आणि मी सोलत होते त्या शेंगांतल्या मूठभर आपल्यासमोर ओढल्या. बोटांना काही कळत नसल्यामुळे तिला त्या धड सोलताही येत नव्हत्या.

"मेल्टिने," ती म्हणाली, "तो बरोबर बोलतोय."

"म्हणजे?"

"ती रिकामीच आहे. मीच केली."

आणि तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचा तो ओला हिवाळा मलाही आठवत होता, पीठसुद्धा बुरसलं होतं. त्या हिवाळ्यात देवमातेच्या मागून कुबट वास यायला लागला आणि झाकणाच्या फटीतून मुंग्यांची रांग लागली. अम्मियाने झाकण काढलं. आत नुसता काळा चिखल. पानं, मुळ्या, डिंक सगळं कुजलेलं, पट्टी मुंग्यांनी खाल्लेली. तिने ते खरवडून काढलं, मोरीवर नेलं, आणि निदान खडा तरी धुऊन ठेवावा म्हणून धुवायला गेली तर तो बोटांतून निसटला आणि मोरीच्या भोकातून गेला.

"बोटांना कळलंच नाही गं. गेल्यावर आवाज आला तेव्हा कळलं."

"मग मालकांना सांगायचं."

"सांगणारच होते. खोबण पुसली, कोरडी केली, झाकण लावलं, वरून मेण. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मालक तापाने पडले."

तो तापही मला आठवत होता. वीस दिवस मालक अंथरुणात होते. अंथरूण त्यांनी ओवरीत घालायला लावलं होतं, देवमातेसमोर. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, आणि त्यांनी सगळ्या घराला गोळा करून सांगितलं की देवमाता आई रात्री उशाशी येऊन बसली होती. तिच्यावर त्यांनी स्तोत्र रचलं. मुलं ते पाठ म्हणायची.

"मग तेव्हा काय सांगणार होते मी?" अम्मिया म्हणाली. "मालक, तुम्ही जिला हात जोडताय तिचं पोट मी मोरीवर धुऊन आलेय? आणि मग एक वर्ष गेलं, दोन गेली. दर सहा महिन्यांनी तिची पाळी आली की मागच्या बाजूला हात जायचा. वाटायचं आज सांगू. मग वाटायचं, आज फार दमलेय."

 मी तिच्यासमोरच्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या.

"आता सांगायलाच हवं," ती म्हणाली. "माझ्यामुळे तिला बाहेर ठेवतायत."

मालक आपल्या खोलीत पुस्तकांच्या गुंडाळ्या बांधत होते. मी भाकरी-चीज घेऊन तिच्या मागोमाग गेले. खरं सांगायचं तर ऐकायलाच गेले. अम्मियाने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, खड्याचंही. मालकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आत काहीच ठेवलं नाहीस?" शेवटी त्यांनी विचारलं. "एखादं पान? काहीच?"

"नाही मालक. मला काय माहीत काय ठेवायचं ते."

"आणि माझा ताप चढला तो त्यानंतर."

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी वीस दिवस जिच्याशी बोलत होतो…"  त्यांनी हातातली गुंडाळी टेबलावर ठेवली आणि खिडकीच्या चौकटीवर बसले. मला भीती वाटली, आता हे हिला घराबाहेर काढणार. पण त्यांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाला अजून एक डोंगर बाकी आहे हे कळल्यावर जसा होतो तसा होता.

"वीस वर्षांचा असतो तर यावर मी महिनाभर वाद घातला असता," ते म्हणाले. "पोट रिकामं होतं, तरी ती आली. मग पोटाचं काय काम? की आलीच नव्हती, आणि ताप आपोआप उतरला? की तू पुसत होतीस तेच पुरेसं होतं? प्रत्येकावर एकेक पुस्तक होईल. आणि मला आत्ता फक्त झोपावंसं वाटतंय."

"माझं चुकलं मालक."

"बस खाली. तुझे गुडघे दुखतात."

ती बसली नाही. "पुन्हा भरता नाही येणार?"

"तीन दिवस उपास लागतो. डिंक ताजा लागतो. गाडी उद्या सकाळी आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि माझा आवाज आता तसा लागत नाही अम्मिया. नावं घेताना श्वास तुटतो. तुटलेल्या नावांनी कुणाला बोलवायचं?" मग एकदम म्हणाले, "तिला आडात घालू. नेमेसिओनला मी सांगतो काहीतरी. चौघांपैकी एकाला वर ठेवू. तू सांग, कुणाला."

 मला वाटलं अम्मिया आता चौघांपैकी कुणाचं तरी नाव घेईल.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "वैद्यदेवाला? त्याच्या काठीवरचा साप मी तीस वर्षं दात कोरावेत तसा काडीने कोरलाय. त्या तिघांना? सगळ्यांना मीच न्हाऊ घातलंय. मला नका विचारू मालक. राहू द्या तिला जागेवर."

"नक्की?"

"तुम्हीच म्हणालात ना, येणाऱ्यांना काहीतरी सापडलं पाहिजे."

त्यावर मालकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आम्ही दोघी बाहेर आलो. भाकरी तशीच राहिली.

त्याच दुपारी चौघांना लोकरी पांघरुणात गुंडाळून दोराने आडात सोडलं. अम्मिया काठावर वाकून सांगत होती, हळू, पाठीवर ठेवा, तोंड वर. वरून पेंढा, मग माती. मातीवर मी माझ्या चुलीची राख आणि शेंगांची सालं टाकली, आणि पुढचे सगळे दिवस तिथेच टाकत राहिले. उकिरड्याकडे कोण बघतं.

सकाळी मालक गेले. नेमेसिओनही त्याच गाडीतून गेला. निघताना मालक अम्मियाला म्हणाले, "आता बस कर. विश्रांती घे."

"होय मालक," ती म्हणाली. आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "कोळसे आहेत का गं?"

"कशाला?"

"या महिन्यात तिची पाळी आहे."

मला राग आला. "अगं बाई, आज-उद्या तिला फोडायला माणसं येणार. मेण कशाला वाया घालवतेस? आणि स्वतःला?"

"पाळी आहे म्हटलं ना."

मी पोत्यातले चांगले कोळसे वेचून तिच्या टोपलीत घातले. पहिल्यांदाच.  दोन दिवस तिने ते काम केलं. धुतलं, वाळवलं, मेण लावलं, पळी फिरवली. मध्येमध्ये खांबाला टेकून बसायची, डोळे मिटायची, पुन्हा उठायची. मी जेवण तिथेच नेऊन दिलं. देवमाता इतकी लखलखीत मी कधी बघितली नव्हती, किंवा कधी नीट बघितलंच नसेल.

तिसऱ्या दिवशी पाच माणसं आली. त्यांच्यात किरियाकोस होता, छिन्नी-हातोडा घेऊन. सासूला बघून त्याची मान खाली गेली.

"मालक कुठे?" त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं.

"गेले," मी म्हटलं.

"आणि त्यांचे देव?"

"हे काय. एक बागेत, एक ओवरीत."

"एवढेच?"

"तुम्हाला किती हवे होते?" अम्मिया म्हणाली.

त्यांनी घर उलटंपालटं केलं, माझे रांजणसुद्धा उघडून बघितले. बासरीवाला दोन घावांत गेला. मग म्होरक्याने किरियाकोसला देवमातेकडे बोट दाखवलं.

किरियाकोस अम्मियाजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, तुम्ही आत जा ना."

"कुठे आत? घर माझं नाही."

"मला यावंच लागलं. नसतो आलो तर तातियाला बोलावून विचारलं असतं त्यांनी, तुझी आई कुणाच्या घरी काय करते म्हणून."

"मी काही म्हटलं का तुला?"

तो पुढे झाला. छिन्नी कपाळावर ठेवली. ताज्या मेणावरून ती सटकली. पुन्हा ठेवली, पुन्हा सटकली. मागची माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "सासू बघतेय म्हणून हात कापतोय गवंड्याचा." त्याच्या मानेवर घाम आला.

तेव्हा अम्मिया खांबापासून निघाली आणि त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "वरून मारू नकोस," ती म्हणाली. "ठिकरी उडून डोळ्यात जाईल तुझ्या. हनुवटीखालून लाव. आणि मान बाजूला घे."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग तिने सांगितलं तसं केलं.

चेहरा गेला, सिंहाचं डोकं गेलं. छातीवर त्यांनी क्रूस कोरला. एकाला मागचं झाकण दिसलं, तेव्हा सगळे जरा मागे सरले. आत भूत असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्होरक्याने स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि झाकण उचकटलं. वाकून बघितलं. बोट घालून बघितलं. कोरडी, स्वच्छ खोबण.

"काहीच नाही," तो म्हणाला. त्याची निराशा झाली होती. लोकांना दाखवायला काहीतरी हवं होतं त्याला. ते गेले. उकिरड्याकडे कुणी बघितलं नाही.

अम्मियाने झाडू घेतला आणि ओवरीतल्या ठिकऱ्या झाडून एका पाटीत भरल्या. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. मी दोनदा नाकाजवळ हात धरून बघितलं.

मालक परत आले नाहीत. दोन वर्षांनी त्या डोंगराकडून आलेल्या एका माणसाने सांगितलं की ते झोपेतच गेले. घर एका तेलाच्या व्यापाऱ्याला मिळालं. चुलीसकट मीही त्याच्याकडे राहिले. आडाबद्दल मी त्याला कधी सांगितलं नाही. तोंड नसलेली देवमाता त्याने उताणी पाडून मोरीजवळ ठेवली, तिच्यावर बायका कपडे आपटतात. मीही आपटते. पहिले काही महिने नाही आपटले.

अम्मिया लेकीकडे राहायला गेली. तातियाने हट्ट धरला तेव्हा तिने बाप्तिस्माही घेतला. "तिला बरं वाटतं तर घेतला," एवढंच ती मला म्हणाली. किरियाकोसने त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही, पण संध्याकाळी कामावरून आला की तिच्या गुडघ्यांना तेल लावून चोळायचा. गावात बायका त्याला हसायच्या. तो हसू द्यायचा.

मग मोठ्या देवळाचं चर्च करायचं काम निघालं. भिंती हलवल्या, खांब फिरवले. आत संगमरवराचे नवे कठडे बसवले, तेव्हा त्यांना मेण लावणारं माणूस गावात कुणीच उरलं नव्हतं. जी जुनी मंडळी होती ती एक तर मेली होती नाहीतर पळाली होती. किरियाकोसने भीत भीत तिला विचारलं. ती गेली. चार दिवस काम केलं, काम उत्तम झालं असं सगळे म्हणाले. पाद्र्याने दुसऱ्या वर्षीही यायला सांगितलं, तर तिने नाही म्हटलं.

"का गं?" मी विचारलं. "मन खात होतं का?"

"मन कशाला खाईल? दगड तोच आहे, आपल्याच डोंगरातला." ती आपले पंजे उघडमीट करत होती. "पळी किती लांब धरायची ते हात विसरले. चार दिवस नुसती आठवण करत होते. पुढच्या वर्षी रंग जाळीन कुणाचा तरी."

शेवटचं मी तिला भेटले ते अक्रोड पडायच्या दिवसांत. ती तातियाच्या अंगणात उन्हाला पडली होती. तातिया आतून ओरडून सांगत होती, दिवसभर झोपते, रात्रीही झोपते, जेवायलाही उठवावं लागतं. मी तिच्या पायथ्याशी बसले. इतक्या वर्षांत जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"अम्मिया, तुला कधी जाणवलं का? ती आत आहे, किंवा नाही असं? खड्याच्या आधी, नंतर, कधीही?"

तिने डोळे उघडले नाहीत. 

"मेल्टिने," ती म्हणाली, "मी तिच्या तोंडाकडे बघायचेच नाही गं. पळीकडे बघायचे."

"तरी पण."

"तरी पण काय? दमलेली असायचे. तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. ओवरीत सावली होती म्हणूनही असेल." मग थोड्या वेळाने, जवळजवळ झोपेतच, "मालकांना ठाऊक असेल."

तेवढ्यात तिचा श्वास जड झाला. किरियाकोस आला, त्याने सरकलेलं पांघरूण तिच्या खांद्यावर ओढलं आणि मला हातानेच खूण केली, झोपू द्या. मी अक्रोडांची पुरचुंडी तिच्या उशाशी ठेवली आणि घरी आले. हिवाळा लागायच्या आधीच ती गेली. पूर्वेच्या वेशीबाहेर, किरियाकोसच्या माणसांच्या कबरींच्या रांगेत तिला पुरलं.